वावडीवरचा कॅमेरा

१२ फेब्रुवारी १९९६, ओतूर

मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, हात केव्हा कापतो, किती कापतो, रोज लिहीत जा. म्हणून ही वही. नुसतं 'कापला', 'नाही कापला' एवढंच लिहिणं मला जमणार नाही, बाकीचंही येईल. डॉक्टरांनी नको ते वगळावं.

हात (उजवा): सकाळी बशीतला चहा सांडला. दुपारी बरा. चारनंतर वाईट.

चारनंतर का, तर डुंबरवाडीच्या लग्नाचे रंगीत फोटो पुण्याहून धुऊन आले. सप्तपदी हललेली. कानपिळी हललेली. नवरीची आई डोळ्याला पदर लावते तो मी मनापासून घेतलेला, तोही हललेला. दत्ताभावजींनी (माझे धाकटे दीर, आमच्या फोटो स्टुडिओत व्हिडिओ शूटिंग त्यांच्याकडे) सगळे फोटो काउंटरवर पत्त्यांसारखे मांडून ठेवले आणि बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

१७ फेब्रुवारी

शनिवार म्हणून हे घोडेगावहून आले. (शाळा तिथे, आठवडाभर तिथेच राहतात.) जेवताना भावजींनी विषय काढला. "वहिनी, तुम्ही आता काउंटर बघा. लग्नाच्या फोटोंना मी नारायणगावहून माणूस बोलावतो." हे म्हणाले, "त्यात वाईट काय आहे, तुलाच आराम."

आराम. सोळा वर्षं डार्करूममध्ये उभी आहे मी, तेव्हा नाही कुणाला माझा आराम आठवला. मामंजींनी जाताना डार्करूमची किल्ली माझ्या हातात दिली. ह्यांच्या नाही, भावजींच्याही नाही. तेव्हा हात कापत नव्हता, हे खरं. पण किल्ली परत द्यायची अट काही त्यांनी घातली नव्हती.

मग तोंडातून गेलं. रेखाचं (माझ्या भावाची मुलगी) लग्न १२ मेला, माझ्या माहेरी, आण्याला. म्हटलं, त्या लग्नात सगळ्या माणसांचा मिळून एक फोटो मी काढीन. गोरजच्या उजेडात, फ्लॅश न मारता, मामंजींच्या जुन्या वरून बघायच्या कॅमेऱ्यावर. हलला तर कॅमेरा तुमचा, मी जन्मभर काउंटरवर.

भावजी: "हलला म्हणजे हलला हां वहिनी. मग रडायचं नाही."

मी कधी रडले?

हात: जेवताना कापला. रागाने असेल. डॉक्टर, रागाचा वेगळा रकाना ठेवू का?

१८ फेब्रुवारी

सकाळी डोकं ताळ्यावर आलं. दीडशे माणसं, मागची ओळसुद्धा स्पष्ट पाहिजे, उजेड उतरता. म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा (शटर) जास्त वेळ उघडा ठेवावा लागणार, सेकंदाचा आठवा भाग. तेवढा वेळ कॅमेरा हातात धरून चांगल्या हाताचा माणूसही स्थिर राहत नाही. आणि आण्याच्या पठारावर मे महिन्यात संध्याकाळी वारा असा की वाळत घातलेली गोधडी शेजारच्या गावात शोधायला जावं लागतं.

तेव्हा हाताचा विषय संपला. विषय तिवईचा. आमच्या स्टुडिओत कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या स्टँडला तिवईच म्हणतात, मामंजींपासून.

आहे ती तिवई गच्चीवर उघडली. अल्युमिनियमची, पाय एकात एक सरकणारे. डोक्यावर फुलपात्र ठेवलं पाण्याने भरून, पायाला टिचकी मारली आणि पाणी शांत व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं. एकोणीस अंक. मधली दांडी वर काढून पुन्हा मोजलं, तर पाणी सांडलंच. भावजी जिन्यात उभे राहून बघत होते. म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

म्हटलं, अंगण वाकडं आहे हे मला मोजून दाखवता येतं. तुम्हाला नाच मोजता येतो का?

हात: बरा.

३ मार्च

पुण्याला जाऊन आले. पिशवीत फुलपात्र.

दुकानदार चांगला होता, पण त्याला सगळं हलकं विकायचं होतं. "मॅडम, लेडीजसाठी हे बेस्ट, एका बोटावर उचला." मला एका बोटावर उचलायचं नाहीये, मला दोन हातांनी ढकलून हलायला नको आहे. त्याने पाच उघडून दाखवल्या. एकीचं डोकं तेल घातल्यासारखं फिरायचं, दिसायला सुंदर, पण पाय काटक्यांसारखे. दुसरीचे पाय जाड, पण जिथे पाय डोक्याला मिळतात तिथलं प्लॅस्टिक दाबलं की कुरकुरायचं. मी प्रत्येकीवर फुलपात्र ठेवून टिचकी मारली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघत उभी राहिली. त्यातला एक शेवटी म्हणाला, "बाई बरोबर करतायत."

एक खरी होती. जाड, काळी, जड. पाणी पाच अंकांत थांबलं. ती त्याने आधीच एका कंपनीच्या माणसासाठी मागवलेली. दुसरी यायला जुलै. रेखाचं लग्न मेमध्ये.

परत येताना एसटीत मनात म्हटलं, जड आणि घट्ट एवढंच पाहिजे ना, मग आपल्या सुताराला काय धाड भरलीये?

हात: एसटीत कोणाचा कापत नाही?

६ मार्च

मढचे महादूतात्या सुतार. मामंजींच्या वेळेपासूनचे. दाराच्या चौकटी, पाळणे, देव्हारे, सगळं त्यांच्याकडचं. त्या बाजूला जाणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर चिठ्ठी पाठवली: 'कॅमेऱ्यासाठी सागाची तिवई करून द्यावी. एकदम मजबूत. हलता कामा नये.' उंची लिहायची राहिली. तात्यांना काय सांगायचं, त्यांना कळतं.

१९ मार्च

तात्यांना कळतं म्हणणारी मी मूर्ख.

स्वतः घेऊन आले, पोत्यात गुंडाळून. सोडवली तर गुडघ्याएवढी तिवई. पाण्याचा हंडा ठेवतात ना, तसली. तिन्ही पायांवर कमळं कोरलेली, वर गोल पाट, पाटाला काठ, पॉलिश केलेलं. एवढी देखणी वस्तू माझ्या घरात दुसरी नाही.

"तात्या, हे काय?"

"तिवई म्हनलात, तिवई केली. खंडेनवमीला कॅमेरा पूजंला मांडायचा असंल, असं धरलं म्या. आमी न्हाई का हत्यारं मांडत. आन् हलता कामा नये लिव्हलंत, तर ही बगा." असं म्हणून तात्या स्वतः तिच्यावर उभे राहिले. सत्तरीचा माणूस.

भावजी हसून हसून काउंटरवर आडवे. गेल्या अख्ख्या वर्षात हसले नसतील तेवढे आज हसले. मलाही हसू येत होतं, पण मी हसले नाही. फुलपात्र आणून ठेवलं, टिचकी मारली. पाणी हललंच नाही. एक अंकसुद्धा नाही.

आता हिच्यावरून फोटो काढायचा तर दीडशे माणसांच्या गुडघ्यांचा निघेल.

हात: वाईट. बटण लावता आलं नाही.

२५ मार्च

रविवार नाही, काही नाही, तरी आज स्टुडिओ उघडला नाही. भावजींनी उघडला. नारायणगावचा तो माणूस 'सहज' येऊन गेला म्हणे, कॅमेरे बघून गेला. सहज.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं. वही माझी आहे. कॅमेरा गेला तर मी कोण, हे मला सांगता येत नाही. कुणाची तरी वहिनी, कुणाची तरी मिसेस. त्या कॅमेऱ्याच्या काचेत वाकून बघते तेव्हा मात्र मी कुणाचीच कुणी नसते, नुसती बघत असते.

पण घाबरले म्हणून मागे घेईन असं कुणी समजू नये. शब्द माझा होता.

७ एप्रिल, आणे

रेखाच्या लग्नाच्या याद्या करायला माहेरी आले. आई गोठ्याच्या भिंतीला टेकून मटकी निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं, हातासकट. तिने माझा हात धरून ठेवला, तो तिच्या हातात कापत राहिला. तिने काही सोडला नाही.

मग म्हणाली, "वाऱ्यात हालाय नको, उंच पायजे, तीन पायाचं पायजे. मंग वावडी का न्हाई नेत?"

गोठ्याच्या माळ्यावर आमची वावडी पडली आहे. खळ्यावर उपणताना हिच्यावर उभं राहून धान्य वाऱ्यावर सोडायचे, भूस उडून जायचं, दाणे खाली. छातीएवढी उंच. बाभळीचे तीन पाय खाली चांगले फाकलेले, आडव्या पट्ट्या, वर फळी. मळणी यंत्र आल्यापासून तिला कुणी विचारत नाही. म्हणजे मी पुण्यात वाऱ्यात टिकणारी तीन पायांची वस्तू शोधत हिंडले आणि ती माझ्या माहेरच्या माळ्यावर, कोंबड्या बसायला. हसावं का रडावं कळेना.

हात: आईजवळ बसले तेवढा वेळ लक्षच गेलं नाही.

८ एप्रिल

दादाने (रेखाचे वडील) वावडी खाली काढून दिली, पण तोंड वाकडं करून. "लग्नात ही मांडनार तू? पावन्यांसमोर? लोक काय म्हनतील?"

आई आतून म्हणाली, "लोक म्हनलेत ह्याच्या आदी बी."

ते मला माहीत आहे. आमच्यात बाईमाणूस वावडीवर चढत नाही. बाईने खालून पाटी भरून वर द्यायची, उपणायचं पुरुषाने. अण्णा (माझे वडील) गेले तेव्हा दादा नऊ वर्षांचा, मी पाच. बाजरी खळ्यावर पडलेली. भावकीतले म्हणाले, आम्हाला सवड झाली की येतो. आईने दोन दिवस वाट बघितली, तिसऱ्या दिवशी पदर खोचला आणि चढली. मी खालून पाटी देत होते, मला तिची पावलं दिसायची फक्त. पुढे दादा मोठा होईपर्यंत दरवर्षी तीच चढली.

गाव बोलला. आई सांगते, "बोलून बोलून दमला. बाजरी घरात आली."

एसटीच्या टपावर वावडी चढवताना कंडक्टर म्हणाला, "मावशी, हे कुठल्या देवाचं?" म्हटलं, फोटोच्या. त्याने तिकीट मात्र माझं एकटीचंच फाडलं.

१४ एप्रिल

महादूतात्या आले. वावडीभोवती दोनदा फिरले. मागची चूक त्यांना लागली असावी, कारण या वेळी त्यांनी कॅमेरा मागून घेतला, उलटा करून खालचं भोक बघितलं, कितव्या नंबरचा बोल्ट ते विचारलं. फळीला मधोमध भोक पाडलं, जुन्या अल्युमिनियमच्या स्टँडचं डोकं काढून तिथे आवळून बसवलं. पायांच्या टोकांना लोखंडी खिळे, मातीत रुतायला. सैल झालेल्या पट्ट्या ठोकून पाचर मारली.

फुलपात्र. टिचकी. दोन अंक.

अडचण एकच निघाली. हा कॅमेरा वरून खाली वाकून बघायचा, आणि वावडीवर चढवला की तो माझ्या कपाळाशी येतो. मी बुटकी. तात्यांनी इकडेतिकडे बघितलं, आत गेले आणि कमळांची तिवई आणून माझ्या पायाशी ठेवली.

"चढा, ताई."

चढले. बरोब्बर.

विडी पेटवताना तात्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

हात: बरा. लिहिताना अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

२१ एप्रिल

आज माळावर वाऱ्यात उभी केली, रिकामीच. नशीब माझं. दुपारी मोठी झुळूक आली आणि वावडी आडवी. खिळ्यांसकट.

भावजी स्कूटरवरून येऊन बघून गेले. "मे महिन्यात याच्या दुप्पट असतो वारा, वहिनी." मला माहीत आहे. तुम्ही आण्याचे का मी?

बूथवरून आण्याला फोन लावला, आईला फोनवर बोलावून घेतलं. तिला फोनवर ओरडून बोलायची सवय.

"रिकामी वावडी पडनारच. तिच्यावर मानूस असतंय म्हून ती उभी ऱ्हाती. तुजा कॅमेरा काय वजनाचा, पावशेराचा? वजन दे तिला."

संध्याकाळी पोत्यात दगड भरले, फळीच्या खाली मधोमध टांगलं, जमिनीला जेमतेम टेकेल असं. मग दोन्ही हातांनी ढकलली. मीच मागे सरकले.

१२ मे, आणे

सकाळपासून वारा. मांडवाची कनात दोनदा फाटली. वऱ्हाड दोन तास उशिरा, म्हणून मंगलाष्टकांआधी सगळ्यांना खळ्यावर घेतलं, नाहीतर उजेड गेला असता. पुढे म्हातारी माणसं नि पोरं, मध्ये नवरा-नवरी, मागच्या दोन ओळी बाकांवर आणि बैलगाडीवर. वावडी बघून वऱ्हाडातला एक जण मोठ्याने म्हणाला, "फोटोवाल्या बाई उपनाय लागल्या का काय?" हशा. दादाने मान खाली घातली. मी पदर खोचला आणि कमळांच्या तिवईवर चढले.

भावजी त्यांचा व्हिडिओ कॅमेरा त्यांच्या नव्या हलक्या स्टँडवर लावून बाजूला उभे. मीच म्हटलं, "भावजी, तुम्हीपण या फोटोत. घरचेच आहात." ते दुसऱ्या ओळीत डावीकडे जाऊन उभे राहिले.

काचेत वाकले. सगळी माणसं पदर, फेटे, टोप्या धरून. वारा थांबेना. हात असा कापत होता की केबलचं बटण (लांब वायरचं, कॅमेऱ्याला हात लागू नये म्हणून) दोन्ही हातांनी धरलं. उजेड उतरत होता. दादा खालून म्हणाला, "शालन, काड की आता."

तेवढ्यात आई येऊन वावडीच्या पायाशी उभी राहिली, पोत्यावर हात ठेवून. फोटोत यायला बोलावलं तर आली नाही. तोंड वाऱ्याकडे करून डोळे मिटले.

"उपनताना वारा यायची वाट बगायची. तुला जायची बगायचीय. थांब. अजून थांब. ह्यो दम घेतो मदी." आणि मग हळूच, "आता."

दाबलं. चार फोटो, चारही तिच्या सांगण्यावर. शेवटच्याच्या वेळी कुणीतरी बोलायला लागलं, म्हणून तो गेला असणार.

हात: खूप वाईट. काही बिघडलं नाही.

१६ मे, ओतूर

डार्करूममध्ये मी आणि भावजी दोघं. मीच बोलावलं, मागाहून 'तुम्ही काहीतरी केलंत' नको. फिल्म धुतली, वाळवली, दुसरा फोटो सगळ्यांत बरा वाटला, तो मोठा केला. लाल दिव्यात कागद औषधाच्या पाण्यात हलवत होते. हात कापला तर इथे फायदाच, पाणी सारखं हलतं राहावं लागतं.

आधी फेटे आले. मग चेहरे. भिंग लावून मी ओळीने गेले. मागच्या ओळीतल्या पाटलांच्या मिशीचा केस न् केस. बैलगाडीच्या चाकाचा खिळा. रेखाच्या मुंडावळीतला मणी. नवऱ्याच्या आजीच्या नाकातला खडा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रडणं नव्हतं, याची नोंद असावी.

मग दुसऱ्या ओळीत डावीकडे. एकाला दोन नाकं, तीन कान.

मी भिंग भावजींच्या हातात दिलं.

त्यांनी बराच वेळ बघितलं. त्यांची मान उजवीकडे वळलेली, जिकडे त्यांचा स्टँड होता. त्या झुळकीत तो डगमगला असणार आणि त्यांनी वळून बघितलं असणार.

"हललाय," ते म्हणाले.

"फोटो नाही हलला. तुम्ही हललात."

"हलला म्हणजे हलला, असं ठरलं होतं."

१८ मे

हे आले. त्यांना लवाद केलं. फोटो खिडकीत नेऊन उजेडात धरला, चष्मा काढला, घातला. शेवटी म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे." शाळेत असाच निकाल देतात की काय देव जाणे. पोरं बिघडणारच.

तोपर्यंत कॅमेरा माझ्याकडे. निकाल लागला नाही तर ताबा ज्याचा त्याचा, एवढा कायदा मलाही कळतो.

२७ मे

दादा आईला घेऊन आला, मंचरला डोळे दाखवायला निघालेत. आईला फोटो दाखवला. तिने डोळ्यांशी नेला, लांब नेला. सगळी माणसं बघून झाल्यावर म्हणाली, "वावडी कुटंय यात?"

म्हटलं, आई, ती कशी दिसेल, तिच्यावरूनच तर काढला.

"व्हय," म्हणाली. "मी बी कदी दिसले न्हाई कुनाला, वर चढून बी." आणि फोटो पदरात गुंडाळून घेतला, परत दिलाच नाही. मी दुसरा काढीन.

३० मे

डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी पहिली चार पानं वाचली, मग हसायला लागले, मग पुढची वाचली. हाताचं मात्र तेच: वाढेल, वाढणार नाही, आत्ता सांगता येत नाही. बरं.

घाटघरहून निरोप आला. परवा तिथे लग्न, पाऊस लागायच्या आत उरकायचं आहे. ज्यांनी आण्याचा फोटो बघितला त्यांच्याच नात्यातलं. निरोपात स्पष्ट सांगितलंय, वावडीवाल्या बाई पाहिजेत. भावजींनी निरोप स्वतः घेतला आणि स्वतः मला दिला. नारायणगावच्या माणसाला त्यांनी अजून 'नाही' कळवलेलं नाही, तेही मला माहीत आहे.

संध्याकाळी सामान बांधायला गच्चीवर गेले तर भावजी तिथे पाठमोरे बसलेले. समोर त्यांचा नवा स्टँड, त्याच्या डोक्यावर माझं फुलपात्र. टिचकी मारत होते आणि तोंडातल्या तोंडात अंक मोजत होते. चौदापर्यंत ऐकलं मी, आणि तशीच खाली आले.

हात: वाईट. परवा सकाळी सहाला जीप येणार. टपावर वावडी चढवायला दोन माणसं लागतील. एक मी आहे, दुसरं भावजींना विचारावं म्हणते.